साईनाथला तीन सांगा

रविवारी दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. केसांना तेल चोपडलेलं, अंगात बाबांचा जुना शर्ट, अशा अवतारात मी दार उघडलं. दारात साईनाथ. हातात ओली छत्री, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेली, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखं हसू.

"तू?" मी म्हटलं. "आत्ता?"

"तीनला बोलावलंस ना? बघ, पाच मिनिटं आधी आलो." मग माझ्या डोक्याकडे बघून तो अडखळला. "छान दिसतेस… म्हणजे — चकचकीत."

एरवी मी त्याला चांगलंच सुनावलं असतं. पण आज चोर मीच होते. खेळ चारला होता. आणि ते त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

हे नीट सांगायला हवं. दर रविवारी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या घरी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. मी गोष्ट रचते — जंगल, किल्ला, राक्षस. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करणार ते बोलून सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. शेजारचा हरेश मांत्रिक आहे, अंबरनाथची प्रगती तिरंदाज. साईनाथ प्रगतीच्या कंपनीतला, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या बाजूला त्याचं गाव. तो नावाडी. नावाडी आल्याशिवाय नदी ओलांडता येत नाही असं मीच लिहून ठेवलेलं, म्हणजे दोष कुणाला देणार?

मी शाळेत गणित शिकवते. घंटा झाली की वर्गाचं दार लावते. आणि हा पहिले पाच महिने दर रविवारी तासभर उशिरा. कधी टमटम भरल्याशिवाय सुटली नाही, कधी शेतावर काम निघालं, कधी वाटेत कुणी भेटलं. मी रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. एकदा तर तो येईपर्यंत त्याच्या नावाड्याला विहिरीत ढकलून दिलं. हा आला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "वा! विहिरीत काय काय आहे?" त्या दिवशी सगळ्यात जास्त मजा त्यालाच आली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी प्रगतीने तोडगा काढला : साईनाथला तीन सांगा. तेव्हापासून दोन महिने तो बरोबर चारला यायचा, तासभर उशीर झाला म्हणून माफी मागायचा, मी मोठ्या मनाने "असू दे" म्हणायचे, आणि हरेश तोंड फिरवून हसायचा.

"बाकीचे कुठायत?" साईनाथने चपला काढत विचारलं.

"येतील… त्यांना आज उशीर आहे." खोटं इतकं पटकन निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. "तू आज वेळेवर कसा?"

"दर वेळी सॉरी बोलायची लाज वाटते गं. आज जेवायला थांबलोच नाय."

न जेवता आला होता! मी स्वयंपाकघरात गेले, केस बांधले, वरण गरम केलं. आई-बाबा आतल्या खोलीत झोपले होते. तो जमिनीवर मांडी घालून जेवत होता आणि जेवता जेवता माझा नकाशा बघत होता.

"इथनं नदी उतरवणार आम्हाला? इथं पाणी गप्प दाखवलंयस. गप्प असतं तिथं खोल असतं. खळखळतं तिथनं उतरायचं, खाली दगड असतात."

"तुला काय माहीत?"

"लहानपणी दोनदा बुडालोय," तो अभिमानाने म्हणाला.

हात धुऊन आला आणि माझ्याच पेन्सिलीने एकेक दगड काढू लागला. नखांत शेतातला चिखल, बोटांना आमच्या साबणाचा वास. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं… दोघांनीही ते काढून घेतलं नाही. दर सोमवारी तो ही सगळी गोष्ट आईला सांगतो म्हणे, आणि आई विचारते, "ओलांडली का रे नदी?" सात महिन्यांत मी याच्या सबबीच ऐकल्या होत्या. हा माणूस मला आत्ता भेटत होता, आणि फार आवडत होता. चार वाजूच नयेत असं वाटत होतं.

पण चार वाजले, आणि हरेश आला.

"अरे बाप रे! साईनाथ, तू पहले से?" तो दारातूनच ओरडला. "याला तीनचा टाइम देतो तर चारला येतो. आज सच में तीनला आला की काय!"

साईनाथने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हा सगळ्यांना चार?"

मी नकाशाची घडी घालू लागले. मागून आलेल्या प्रगतीनेही मान खाली घातली. त्या दिवशी तो खेळला, पण सांगितलं तेव्हा फासे टाकण्यापुरता. निघताना जिन्यात थांबून हळूच म्हणाला, "मी दर रविवारी मनापासून माफी मागत होतो, बकुळा. आणि तू 'असू दे' बोलायचीस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं : "साईनाथ, चूक माझी. यापुढे खेळ चारला. सगळ्यांना चारच." उत्तर आलं, "ओके." त्या दोन अक्षरांवर मी आठवडा काढला.

पुढच्या रविवारी तीनला मी तयार होते. केस धुतलेले, कुर्ता नवा, भात दोघांपुरता. सव्वातीन. साडेतीन. जिन्यात पाऊल वाजलं की उठत होते, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जात होतं. तो येणारच नाही, मी माझ्या हाताने त्याला घालवलं, अशी खात्री पटत चालली तेव्हा बेल वाजली.

"किती हा उशीर!" दार उघडताच मी कडाडले.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "चार वाजलेत. तूच चार सांगितलंस… सगळ्यांना."

"सगळ्यांना चार! तुला नाही! मी तीनपासून बसलेय इथे. भात गार झाला." आणि मला चक्क रडू आलं. "वाटलं, तू येतच नाहीस."

"तीनला विठ्ठलवाडी स्टेशनला उतरलो मी," तो म्हणाला. "तिथल्या एसटी डेपोत बसून होतो तासभर."

"का?"

"चार बोललीस ना तू. एकदा तरी तुझी वेळ पाळायची होती."

मग मात्र मला राहवलं नाही. "मला तू आवडतोस, साईनाथ. खूप. उशिरा आलास तरी."

तो बघतच राहिला. मग हसला, आणि कान लाल झाले त्याचे. "मला तर तू पहिल्या रविवारपासून…"

"आणि सांगतोयस आज? सात महिने उशीर!"

"सॉरी."

"असू दे," मी म्हटलं, आणि त्याचा हात हातात घेतला. "पुढच्या रविवारी बाराला ये. जेवायला."

"आणि बाकीच्यांना?"

"चार."

त्या दिवशी हरेश आणि प्रगती वीस मिनिटं उशिरा आले. बेल वाजली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, अजून थोडा उशीर केला असता तर काय बिघडलं असतं यांचं!