मधल्या माईकची खरखर

लातुरात त्या रात्री साडेनवाला लाईट गेली ती आलीच नाही. मलप्पांच्या घरात भाड्यानं राहणारी क्लासची पोरं पुस्तकं मिटून गच्चीवर आली. मलप्पा आधीच सतरंजीवर पडले होते. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, ॲम्प्लिफायर, भोंगे दुरुस्त केले. आता दुकान बंद केलं होतं.

"आजोबा, कायतरी सांगा की," अंगद म्हणाला. "पण खरं पायजे."

मलप्पा उठून बसले. "खरंच सांगतो. खोटं असतं तर बरं झालं असतं."

माझ्या बहिणीचा पोरगा संगमेश. गाणी रेकॉर्ड करायचं काम करतो. कान असे तिखट की रस्त्यानं जाता जाता दालमिलच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगायचा. त्याच्यावर बेतलेली गोष्ट हाय ही. साल दोन हजार तेवीस. महाशिवरात्र, शनिवार, फेब्रुवारीची अठरा तारीख. गाव शिरूर अनंतपाळच्या पुढं. नाव घेत न्हाई, माणसं अजून हायत.

त्या गावात शिवरात्रीला महादेवाच्या देवळापुढं बायका रात्रभर गाणी म्हणतात. वहीत एक ओळ न्हाई, सगळं तोंडपाठ. सिद्धम्मा म्हणून म्हातारी त्यांची म्होरकी. तिनंच संगमेशला फोन केला. "बाळा, आमी सात जणी उरलोत. मरायच्या आदी भरून घे सगळं."

हा पाच वाजता पोचला. नंदीपुढच्या मोकळ्या पटांगणात अर्धगोल करून तीन माईक उभे केले. आपलं रेकॉर्डिंगचं मशीन बॅटरीवर लावलं. मांडव, जनरेटर, भोंगे गावातल्याच ईश्वरप्पाचे. पंचवीस वर्षं गावचं प्रत्येक लग्न, प्रत्येक जत्रा त्याच्याच साउंडवर झालेली. माणूस वजनदार. मी त्याला ओळखतो. माझ्याच दुकानात सहा वर्षं काम शिकला तो.

आठ वाजता गाणी सुरू झाली. संगमेशनं कानाला हेडफोन लावला अन् डोळे मिटले. काय आवाज, म्हणला मला नंतर! सत्तरीच्या बायका, पण ठणठणीत. तिसऱ्या गाण्याला मधल्या माईकवर खरखर आली. कर्र... कट्. अन् बंद. पुन्हा सगळं स्वच्छ.

असली खरखर लई वाईट, पोरांनो. कायमची असती तर सापडते. येऊन-जाऊन असली तर माणसाचा जीव खाते. यानं आधी वायर हलवून बघितली, मग बदलली. पाच-दहा मिनिटं बरं चाललं. पुन्हा कट्! वारं असेल म्हणून माईकला फोमची काळी टोपी घातली. बायांचे मोबाईल गोळा करून पाटीत घालून लांब ठेवले. जनरेटरची केबल आपल्या वायरीवरून जात होती, ती हटवली. शेवटी माईकच बदलला. कडेचा मधी, मधला कडेला. आता खरखर माईकमागं जायला पायजे का न्हाई?

न्हाई गेली. मधीच राहिली. माईक कोणताबी ठेवा, त्या जागेवर ठेवला की खरखर.

मग याच्या ध्यानात दुसरं आलं. ईश्वरप्पा जनरेटरकडं बिडी वढायला गेला की अर्धा-अर्धा तास सगळं स्वच्छ. तो मांडवात आला की कर्र... कट्. संगमेशला वाटलं, त्याच्या खिशात कायतरी असंल, रिमोट न्हाईतर दुसरा मोबाईल. यानं खिसे रिकामे करायला लावले. ईश्वरप्पा हसला, पण केले. नुसती बिडी-काडी निघाली. तो खिसे उलटे करून समोर उभा होता तवाच हेडफोनमधी पुन्हा आली.

या खेपेला संगमेशनं आवाज वाढवून ऐकलं. ती खरखर नव्हती. कुणीतरी श्वास घेत होतं. गाणं उचलायच्या आधी बाई छाती भरून घेते ना, तसा. श्वास पुरा व्हायचा, अन् सूर फुटायच्या आत... कट्.

दरवेळी तिथंच.

साडेबाराला बाया च्या प्यायला थांबल्या. यानं सिद्धम्माला बाजूला नेलं. "अव्वा, या मधल्या जागेला कोण उभं राहायचं?"

म्हातारीनं कप खाली ठेवला. ईश्वरप्पा कुठं हाय ते बघितलं. मग म्हणली, "चतुरा. चतुराबाई. तिच्यासारका गळा पुन्ना झाला न्हाई."

"मग?"

"गारपिटीचं साल होतं. नऊ वर्सं झाली. शिवरात्रच होती. दिवस मावळताना पाऊस पडून गेल्ता, जमीन वल्ली. भोंगे घूं करायलते. गावातले लोक ईश्वरप्पाला शिव्या देयलते, बंद कर म्हणून. हा मशीनच्या मागं गेला अन् हिरवी वायर तोडली पकडीनं. घूं बंद झाली. समदे खूश. चतुरानं माईक हातात धरला. श्वास घेतला..."

पुढचं तिनं नुसतं मधल्या माईककडं बोट करून दावलं.

"कागदावर काय लिहिलं, अव्वा?"

"हार्ट अटॅक. सकाळी वायर जोडल्याली व्हती. मी बघितलं व्हतं, बाळा. माजं पोरगं त्याच्याकडं कामाला व्हतं. मी गप बसले."

(मलप्पा इथं थांबले. खाली रस्त्यावरून एक ऑटो गेली.)

हिरवी वायर म्हंजे अर्थिंगची. तोडली की भोंग्याची घूं जाते. अन् करंट गळाला तर जमिनीत जायला वाट राहत न्हाई; माईक धरणाऱ्याच्या अंगातून जातो. ती युक्ती ईश्वरप्पाला मीच शिकवली होती. माझ्या दुकानात. हसत हसत.

संगमेशला तवा हे ठाऊक नव्हतं. पण त्याचा राग मस्तकात गेला. तो सरळ ईश्वरप्पाकडं गेला. "अप्पा, तुमच्या जनरेटरनं खरखर येयलीय. बंद करा."

"माज्या साउंडला नाव ठेवतूस? पंचवीस वर्सांत कुणी ठेवलं न्हाई."

"चतुराबाईनं ठेवलं असतं. तिला येळ मिळाला न्हाई."

ईश्वरप्पाचा चेहरा बदलला. मग म्हणला, "तिचं काळीजच कच्चं होतं. लोकांला कायबी बोलायला काय जातंय?" अन् तरातरा जाऊन त्यानं जनरेटर बंद केला.

सगळीकडं अंधार. देवळातली समई तेवढी चालू. भोंगे मेले. आता त्या पटांगणात संगमेशच्या बॅटरीशिवाय करंट म्हणून नव्हता. अन् त्या बॅटरीनं माशीबी मरत न्हाई.

हेडफोनमधला श्वास वाढला.

ईश्वरप्पा अंधारातून चालत आला. "कुठाय तुजी खरखर? दाव मला!" मधल्या माईककडं हात केला.

"धरू नको," सिद्धम्मा म्हणली.

त्यानं धरला.

संगमेशला श्वास ऐकू आला. पुरा. खोल. या खेपेला कट् झालं न्हाई.

सूर फुटला.

एका बाईचा. उंच. सरळ. हेडफोनमधी... अन् बाहेरबी. बंद भोंग्यांतून.

ईश्वरप्पाचा हात माईकला चिकटला. बोटं सुटंनात. तोंड उघडं... आवाज न्हाई. डोळे पांढरे. संगमेश धावला. माईकची वायर हिसकून काढली. वायर याच्या हातात.

सूर चालूच.

"सोडवा कुणीतरी!" हा ओरडला. सातही बाया उभ्या होत्या. एकबी हलली न्हाई.

"राहू दे," सिद्धम्मा म्हणली. "तिचं गाणं राहिलंय."

अन् तिनं सुरात सूर मिळवला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. महादेवाला जागवायचं गाणं... पहिल्या कडव्यापासून... शेवटपर्यंत. संगमेश सांगतो, मामा, त्या बाया रडत होत्या, पण सूर हलला न्हाई. अन् त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. नऊ वर्सं गिळलेलं सगळं तोंडावर आलं होतं.

शेवटची ओळ झाली.

हात सुटला. ईश्वरप्पा खाली पडला.

...

मेला न्हाई तो. आजबी हाय. बिलोलीला लेकीकडं असतो. दोन्ही हातांनी कान धरून बसतो, जेवताना लेक घास भरवते. घूं ऐकू येते म्हणतो. दिवसरात्र घूं. बंद करा म्हणून रडतो. नांदेडच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं; कानात काय न्हाई म्हणाले. मी एकदा भेटायला गेलो. मला बघून म्हणला, "मालक, कोणती वायर तोडू?"

(एका पोरीनं हळूच विचारलं, "अन् रेकॉर्डिंग?")

रेकॉर्डिंग संगमेशनं सिद्धम्माला देऊन टाकलं. ती कुणाला ऐकवत न्हाई. पण मी सांगायलो ते दुसरंच हाय. सकाळी उजाडल्यावर तो सामान आवरत होता. मधल्या माईकची फोमची टोपी काढली. वरून काळी, कोरडी, धूळबी न्हाई. आतून बोटाला ओलं लागलं म्हणून उलटी केली.

आत, जिथं माईकची जाळी टेकते अन् माणसाचं तोंड पोचूच शकत न्हाई तिथं, ओठाएवढा लाल डाग.

सिद्धम्मानं लांबूनच बघितला. म्हणली, "चतुरा पान खाल्ल्याबिगर गात नव्हती."

संगमेश तिथून थेट माझ्याकडं आला. सिद्धम्मानं त्याला निघताना सांगितलं होतं ईश्वरप्पा कुणाकडं शिकला ते. आत आला न्हाई, पाणी प्याला न्हाई. टोपी माझ्या हातात दिली. "हे तुमच्याकडं ठेवा, मामा," तवा एवढंच बोलला.

खाली माझ्या कपाटात हाय ती. तीन उन्हाळे गेले.

आज संध्याकाळी हात लावून बघितलं... अजून ओली हाय.