डोक्यासकट

"मांजर झकास आलंय," तो म्हणाला. "पण माझं डोकं कुठं गेलं?"

मी दचकले. जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या मुलीने पेशंटच्या मालकाला चोरून चितारावं, आणि नेमकं त्यानेच वाकून बघावं, म्हणजे... पेन्सिल लपवावी की पुठ्ठा, तेच कळेना. पुठ्ठ्यावर त्याचं मांजर होतं — जाडजूड, करडं, एका कानाला पट्टी. मांजराखाली मांडी, मांडीवर दोन हात, शर्टाची दोन बटणं, आणि तिथे पुठ्ठा संपला होता.

"जागा पुरली नाही," मी म्हणाले.

"असं होय!" त्याने भिंतीकडे पाहिलं. औषधांची खोकी उलगडली की आतली कोरी बाजू फार छान निघते. तिच्यावर काढलेली माझी चित्रं वजनकाट्याच्या मागे लावलेली होती. ससा आणि गुडघे. कासव आणि एक कोपर. बुटांच्या मधोमध बसलेलं कुत्र्याचं पिल्लू.

"या सगळ्यांनाच जागा पुरली नाही का हो?"

आता काय सांगणार! जनावरं बरी असतात. चित्र बघून 'माझं नाक असं आहे?' असं विचारत नाहीत. माणसाचा चेहरा मी एकदाच भेट म्हणून काढला होता, आत्याच्या पन्नाशीला. हनुवटीखाली जेवढी हनुवटी दिसली तेवढी काढली, आणि आत्याने वर्षभर अबोला धरला. त्यानंतर गुपचूप चेहरे काढून पाहिले, पण सगळे पट्टीने आखल्यासारखे यायचे. एकाच आईची लेकरं जशी!

"साहेबांना आत आण गं," डॉक्टरबाईंनी हाक मारली. साहेब म्हणजे मांजर.

"घरात हुकूम त्यांचाच चालतो," मालकाने खुलासा केला आणि टोपली उचलली.

शेजारच्या बोक्याशी भांडून साहेबांनी कान फाडून घेतला होता. पट्टी बदलायला दर दोन दिवसांनी यावं लागे. त्या फेऱ्यांत मला कळलं की समोरच्या रस्त्यावरचं चष्म्याचं दुकान याचंच. गंमत म्हणजे ह्याचा स्वतःचा चष्मा मात्र एका बाजूला कललेला. एकदा मला राहवलंच नाही.

"दुसऱ्यांचे चष्मे नीट करता, आणि तुमचाच वाकडा?"

"चष्मा सरळ आहे. कान वाकडे आहेत." त्याने डोकं पुढे करून दाखवलं. "उजवा वर, डावा खाली. दिवसभर माणसांच्या नाकांवर फ्रेम बसवतो मी. दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा अजून दुकानात आला नाही."

"आणि माझा?" विचारून गेले आणि जीभ चावली.

तो हसला नाही. काउंटरवर हात टेकून गंभीरपणे वाकला. "इकडे बघा... माझ्या नाकाच्या शेंड्याकडे."

बघितलं. नाकावर फ्रेमचा फिकट वण होता. शर्टाला साबणाचा वास होता. माझ्या कानशिलात कुणीतरी ढोल वाजवत होतं.

"डावी भुवई वर आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणून सारखं वाटतं, तुम्ही आता काहीतरी विचारणार..."

"आणि विचारत तर काहीच नाही!" आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला.

त्या संध्याकाळी आरशासमोर बसून मी स्वतःला काढलं. मधोमध रेघ न आखता, एक भुवई वर ठेवून. पहिल्यांदाच पुठ्ठ्यावर कुणीतरी खरं माणूस उतरलं. मग आईला वर्तमानपत्र वाचताना काढलं. "अगं बाई, माझी मान खरंच अशी कलते?" ती म्हणाली. मला धस्स झालं... पण ती पुन्हा तशीच मान कलती करून बसली, मला दुसऱ्या बाजूने काढता यावं म्हणून! मला माणसांचा नादच लागला. बसमध्ये लोक खिडकीबाहेर बघायचे, मी त्यांच्या कानांकडे बघायचे. फक्त ज्याचे कान काढायचे होते, त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

शेवटची पट्टी निघायचा दिवस आला. आत एका पोपटाची नखं कापणं चाललं होतं आणि त्याच्या शिव्या बाहेर ऐकू येत होत्या. साहेबांची टोपली मांडीवर घेऊन मालक समोर बसला.

"आज साहेबांना सुट्टी मिळणार," तो म्हणाला. "मग इकडे येणं होणार नाही. तर... एकदा डोक्यासकट काढाल?"

बिघडलं तर? आत्या नात्यातली होती, रुसून जाऊन जाऊन जाणार कुठे? हा रुसला तर रस्त्यापलीकडे जाईल आणि पुन्हा दार उघडणार नाही. पण नाही काढलं तरी जाणारच होता की. मी खोकं उलगडलं.

मान वर केली, तर तो माझ्याकडेच बघत होता.

"माझ्याकडे बघू नका ना!"

"मग कुठं बघू?"

"साहेबांकडे."

"त्यांना रोजच बघतो." तो थांबला, चष्मा उगाच वर सारला. "पट्टी घरीसुद्धा बदलता आली असती. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

पेन्सिल थांबली. माझी डावी भुवई कुठवर गेली असेल, देव जाणे! मग मात्र मी बघितलं — मनसोक्त, न लाजता. वरचा उजवा कान, खालचा डावा, नाकावरचा वण, हसू येताना आधी हलणारा ओठाचा एकच कोपरा. हात आपोआप चालत राहिला. इतका आनंद मला चित्र काढताना कधीच झाला नव्हता.

डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "वा! पण अगं, पेशंट कुठाय?"

मी पाहिलं. पुठ्ठाभर तो होता. अगदी खालच्या कडेला मांजराच्या कानांची टोकं तेवढी उरली होती, त्यातल्या एकाला पट्टी.

त्याने पुठ्ठा हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिला. माझा जीव टांगणीला...

"कान वाकडे आलेत," तो म्हणाला.

"राग आला?"

त्याने मान हलवली. नाही. ओठाचा तो कोपरा हलला. "आज साहेबांना जागा पुरली नाही का हो?"

"नाही," मी म्हणाले. "सगळी तुम्हालाच लागली."

तो कानांपर्यंत लाल झाला, वरच्याही आणि खालच्याही. मी खोक्याचा दुसरा पुठ्ठा काढून ठेवला.

"उद्या येताना," मी म्हणाले, "साहेबांना घरीच ठेवा."