घट्ट फिरणारं चाक

"मोटर मी गुंडाळलीय. ती जळली असेल तर मी आजच घरी बसते. पण मला तिला हातसुद्धा लावू देत नाहीत हो!"

बोलणाऱ्या ताई विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं मोटरींना तांब्याची तार गुंडाळत होत्या. पाच दिवसांपूर्वी एक खुर्ची पुलाच्या चढावर बंद पडली. तीत बसलेल्या म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. ती तिथंच खुर्च्या जोडणाऱ्या जोडाऱ्याची आई आणि ताईंची जिवाभावाची मैत्रीण.

"दवाखान्यात गेले, तर भिंतीकडे तोंड फिरवलं तिनं," ताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

समोर बसलेल्या तपासनीस बाईंनी पर्स उचलली. त्यांचे थोरले भाऊ मास्तर निमूटपणे मागोमाग निघाले. निवृत्तीनंतर बहिणीच्या तपासात लुडबूड करणं हाच त्यांचा उद्योग होता.

खुर्ची वर्कशॉपच्या कोपऱ्यात होती. मालकांनी चाक उचलून फिरवलं. ते कुरकुरत, अडत फिरलं.

"बघा. जेवढं जोरात फिरवाल तेवढं घट्ट. चाक घट्ट म्हणजे मोटरच्या तारेचं वाइंडिंग जळलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हीच परीक्षा."

"चाक मोटरपासून सोडवायला मधे क्लच वगैरे?" बाईंनी विचारलं.

"छे. मोटर चाकातच बसवलेली. ब्रशलेस आहे. कुठल्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची ते ड्रायव्हर बोर्ड ठरवतो. चाक कुठं आलंय ते त्याला या बारक्या प्लगातून कळतं. प्लग निसटला की बोर्ड वीजच तोडतो."

"अपघाताबद्दल आजी काय म्हणतात?"

"खुर्ची थांबली आणि सुसाट मागे धावत सुटली, म्हणाल्या. मीच त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत आलो तर चाक हे असं."

जोडारी खाली मान घालून उभा होता. पाच दिवस दाढी केलेली नव्हती.

"खुर्ची तुम्हीच जोडलीत?"

"त्याच सकाळी. आईला डॉक्टरांकडे जायचं होतं, घाई होती. पण बोर्डाचं झाकण नंतर उघडलेलं नाही मी."

"पुलावरून इथं कशी आणलीत?"

"ढकलत. एका हातात आईची पिशवी होती, दुसऱ्या हातानं ढकलली."

"ताई तेव्हा कुठं होत्या?"

"रजेवर. इथं मी एकटाच होतो."

बाई गुडघ्यांवर बसल्या. खुर्चीखाली सगळीकडे वाळलेला चिखल होता. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही चिखलानं माखल्या होत्या. बारक्या प्लगावरची पट्टी तेवढी पांढरीशुभ्र होती. मास्तरांनीही ती पाहिली आणि नीटनेटकं काम म्हणून मनातल्या मनात कौतुक केलं.

"ताई, मोटरच्या तिन्ही जाड वायरी बोर्डापासून सोडवा," बाई म्हणाल्या.

मालक आडवे आले, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाले. ताईंनी वायरी सोडवल्या, टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगळी धरली आणि चाकाला हलकासा झटका दिला. चाक गरगर फिरत राहिलं. मग त्यांनी बोर्डावर मीटर लावला, तर तो तिन्ही जागी पीं करून ओरडला.

"मोटर ठणठणीत आहे! बोर्ड शॉर्ट झालाय, तिन्ही वायरी त्यात आतून जोडल्या गेल्यात. तोच चाकाला आवळून धरत होता," ताई म्हणाल्या.

"म्हणजे बोर्ड उडाला म्हणून आजी पडल्या! सुटलं कोडं," मास्तर म्हणाले.

"नाही, दादा. तेव्हा बोर्ड असा असता तर चाकं आवळली असती. खुर्ची सुसाट मागे कशी धावली असती? आणि मधे क्लच नसताना एका हातानं ढकलून इथवर कशी आली असती? पुलावर चाकं मोकळी होती. मोटरला वीजच मिळत नव्हती, कारण घाईत प्लग नीट बसला नव्हता, तो चढावर निसटला. तो नंतर बसवला गेला आणि त्यावर नवी पट्टी आली. चिखल वाळल्यावर आली, म्हणून ती पांढरी. बोर्डही इथं आल्यावरच उडवला गेला. बॅटरी उलटी लावली की काम भागतं. चाक घट्ट दिसलं की या वर्कशॉपमध्ये पुढं कोणी काही तपासत नाही, वाइंडिंगवर खापर फुटतं. हे ठाऊक असलेला माणूस त्या दुपारी इथं एकटाच होता."

मास्तरांना आपल्या घाईची लाज वाटली.

जोडारी मटकन स्टुलावर बसला.

"आईला कसं सांगणार होतो? माझ्याच हातून..." त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. "ताई, तू तर घरचीच. वाटलं, तू सोसशील."

"सोसलं असतं रे, कामावरून काढलं असतं तरी," ताई म्हणाल्या. "पण ती माझ्याशी बोलत नाही. पाच दिवस झाले."

मालकांनी नजर चुकवली. "ताई, चूक माझीही आहे. उद्यापासून..."

"उद्याचं उद्या," ताई म्हणाल्या. त्या जोडाऱ्याकडे वळल्या. "आधी आईला सगळं सांग. आत्ता."

जोडारी उठला. दारापाशी जाऊन थबकला.

"तू येशील बरोबर?"

नाहीच म्हणतील, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी स्वतः तेच केलं असतं. ताईंनी हातातला मीटर बंद करून टेबलावर ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"खोलीच्या दारापर्यंत येते," त्या म्हणाल्या. "आत तू एकटा जा. तिनं हाक मारली तर मग मी येईन."