मुंगी अंगठ्याला, आग अनामिकेला

तरन्नुमच्या उजव्या अंगठ्याला लाल मुंगी कडकडून चावली, आणि ती कराकरा खाजवू लागली ते अनामिकेला, म्हणजे करंगळीच्या शेजारच्या बोटाला. खाजवून खाजवून बोट लाल झालं, तरी आग काही थांबेना. मग खाली बघते तर काय, मुंगी आपली आरामात अंगठ्याला चिकटलेली! आता तुम्हीच सांगा, चावा एकीकडे आणि आग दुसरीकडे, असं कधी होतं का?

तरन्नुमला विचाराल तर ती म्हणेल, होतं. गेले दोन महिने तिचं हेच चाललं होतं, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

तरन्नुम राहायची मिरजेत. वय अकरा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनायचे. काळ बदलला, भोपळे वाळवायला यंत्र आलं, लाकूड कापायला यंत्र आलं, पण जवारी मात्र अजून हातानेच लावायची. जवारी लावायची म्हणजे तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हलक्या हाताने घासायची आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवायचा. दोरा केसभर इकडे आला तर तार गाते, केसभर तिकडे गेला तर नुसती टणटण करते. घरात हे काम एकट्या दादाजानना यायचं. दादाजान म्हणजे तिचे आजोबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि आता हात थरथरायला लागलेले.

"हा भोपळा तू निवडलास ना? मग याच्या तंबोऱ्याची जवारी तूच लावायची," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा तरन्नुम आनंदाने घरभर नाचली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात घरच्या कारखान्याचं शटर धाडकन तिच्या अंगठ्यावर आदळलं. हाड वाचलं, पण अंगठ्याच्या टोकाचा मऊ भाग, ज्याने आपण वस्तू चाचपतो तो, पार चेंदामेंदा झाला.

गावाबाहेरच्या हात-संशोधन केंद्रात डॉ. हेर्लेकर नावाच्या बाईंनी तो पुन्हा घडवला. बाईंचं वय सत्तर, आणि चाळीस वर्षं एकच ध्यास: तुटलेले, चिरडलेले हात पुन्हा कामाला लावायचे. त्यांच्या मदतीला बारकू नावाचा रोबो होता. धड जेमतेम माठाएवढं, पण केसाहून बारीक दोऱ्याने टाके घालणारा पठ्ठ्या. दोघांनी मिळून सात तास सूक्ष्मशल्यक्रिया (सूक्ष्मदर्शकातून बघत केलेली अतिशय बारीक शस्त्रक्रिया) केली, आणि अंगठ्याला नवं, गुबगुबीत टोक आलं.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली, आणि तेव्हापासून दर सोमवारी परीक्षा. पडद्याच्या पलीकडे हात ठेवायचा, म्हणजे काही दिसायला नको. बारकू नायलॉनच्या बारीक केसाने कुठेतरी स्पर्श करणार आणि विचारणार, "कोठे स्पर्श झाला?"

पहिल्याच सोमवारी तरन्नुमने हळूच डोकावून पाहिलं. बारकूने अंगठ्याला स्पर्श केला होता हे तिला पडद्याच्या फटीतून दिसलं, पण जाणवलं होतं अनामिकेला! शेजारच्या खाला (म्हणजे मावशी) तर आधीच म्हणाल्या होत्या, "बघ हं, आत उलटसुलट जोडलं नाही ना काही?" खरं सांगितलं तर पुन्हा हात फाडतील की काय? शिवाय दादाजाननी बजावलं होतं, "डॉक्टरबाई हात पास म्हणतील, त्या दिवशी जवारीला बसायचं. आधी नाही." मग तिने मनाशी एक युक्ती ठरवली. अनामिकेला जाणवलं की बेधडक "अंगठा" म्हणायचं. झालं! दर सोमवारी दहापैकी दहा. डॉक्टरबाई खूश, दादाजान खूश. फक्त तरन्नुम रात्रंदिवस कोड्यात. हा अंगठा माझा आहे की अनामिकेचा?

मुंगी चावली तो दिवसही सोमवारच होता, आणि शेवटच्या परीक्षेचा. दादाजान कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी सावरत बसले होते.

"कोठे स्पर्श झाला?" बारकूने विचारलं.

"अंगठा!"

मग पुन्हा स्पर्श. "कोठे?"

"अंगठाच की!"

"डॉक्टर, माझी गणना चुकते आहे," बारकू म्हणाला. "मी अनामिकेला स्पर्श केला. दोन्ही वेळा. शस्त्रक्रियेत तिलाही टाके पडले होते; ती जखम आजवर कोवळी होती, म्हणून तिला प्रथमच तपासले. ही मुलगी अनामिकेला अंगठा म्हणते. मग अंगठ्याला काय म्हणावे? हात उलटा झाला आहे काय?"

तरन्नुमने हात मागे ओढला. डॉक्टरबाईंनी पडदा बाजूला केला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तरन्नुम, खरं सांग. अंगठ्याला हात लावला की कुठे कळतं तुला?"

झालं, बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं, मुंगीसकट. "तुम्ही चुकीचं जोडलंय, डॉक्टरबाई! पण परत नका ना कापू!"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पण त्या मटकन खाली बसल्या, आणि ते बघून तरन्नुमला जास्तच वाईट वाटलं. टेबलावर त्यांची वही होती. तिच्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मेंदू तीन आठवड्यांत शिकला!' त्यांनी पेन उचललं आणि ती ओळ खोडली.

"चाळीस वर्षं मी हे एक वाक्य लिहायची वाट बघत होते," त्या हळूच म्हणाल्या. "तू खोटं बोललीस, आणि मला तेच ऐकायचं होतं म्हणून मीही खोलात शिरले नाही. दोघीही चुकलो. आता नीट ऐक. काहीही उलटं जोडलेलं नाही."

त्यांनी तिचा तळहात आपल्या हातात घेतला. "तुझ्या अंगठ्याची नस चिरडली होती. नस म्हणजे चेतातंतूंची जुडी (स्पर्शाचा निरोप मेंदूकडे नेणारे धागे). म्हणून आम्ही अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूचा नखाएवढा तुकडा सोडवला. त्याची रक्तवाहिनी तोडली नाही, नसही तोडली नाही. दोन्ही तशाच जोडलेल्या ठेवून तो तुकडा तळहाताच्या कातडीखालून इथवर आणला आणि अंगठ्यावर शिवला."

"पण नस तोडून अंगठ्याच्या नसेला जोडायची ना!"

"तोडलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि तिला पहिल्यासारखं बारीक कधीच कळत नाही. न तोडलेलीला केससुद्धा कळतो. बरं, तुला मावशी आहे?"

"आहे की. कोल्हापूरला होती, आता इथेच राहते."

"तिचा फोन आला की तुझ्या अम्मीच्या फोनवर काय नाव येतं?"

तरन्नुमने डोळे पुसले. "अजून 'कोल्हापूरची मावशी'च येतं. अम्मीने बदललंच नाही."

"मावशी मिरजेत येऊन राहिली, नंबर तोच राहिला, पण नाव जुनंच. तुझी कातडी अंगठ्यावर राहायला आली. निरोप जुन्याच नसेतून जातो. आणि मेंदूत अख्ख्या शरीराचा एक नकाशा असतो. त्यात या नसेपुढे अजून लिहिलंय, अनामिका!"

तरन्नुम अंगठ्याकडे बघतच राहिली. म्हणजे हात बरोबर होता आणि नकाशा शिळा होता. मग दोन महिने आपण उगाच घाबरलो?

"मग नकाशा कसा बदलायचा?" तिने विचारलं.

"तिथेच तर माझं घोडं अडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजवरच्या पेशंटना गोट्या उचलायला लावल्या, भोकांत खुंट्या बसवायला दिल्या. मेंदूला कंटाळा येतो गं. त्याला गरज वाटल्याशिवाय तो नाव बदलत नाही."

कोपऱ्यातले दादाजान खाकरले. "डॉक्टरबाई, माफ करा, मी अडाणी माणूस. पण आमच्यात नवशिक्याच्या बोटालाही आधी काही कळत नाही. दोरा किती सरकला ते बोटाला कुठं समजतं? आम्ही त्याला डोळे मिटून दोरा सरकवायला लावतो आणि तार छेडायला सांगतो. आवाज खुलला की कान बोटाला सांगतो, बाबा रे, हीच ती जागा. महिनोन्‌महिने. मग एक दिवस बोट कानाच्या आधी ओळखतं."

डॉक्टरबाई ताडकन उठल्या. "अहो, हेच तर पाहिजे! आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दोरा धरतो अंगठा, आणि तसं सांगायला डोळे आहेत, कान आहेत. उद्यापासून बसवा हिला जवारीला."

"पण पास नाही झाली ती," दादाजान म्हणाले.

"नाहीच झाली. नापास झाली म्हणूनच बसवा!"

हसावं की रडावं हेच तरन्नुमला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती त्या तंबोऱ्यासमोर बसली. पहिले काही दिवस नुसता वैताग. दोरा अंगठ्यात, त्याची सरसर जाणवायची अनामिकेत, आणि तार आपली टणटण. "ही अनामिका मध्ये कशाला लुडबुडते?" ती ओरडायची. दादाजान म्हणायचे, "येऊ दे तिला. तू कान दे." आठवडे गेले. दर सोमवारी आता ती खरं सांगायची, आणि दर सोमवारी दहापैकी शून्य. बारकू फार आदराने शून्य लिहायचा.

चौथ्या महिन्यात एक दिवस तार अचानक भरून बोलली. साऱ्या खोलीत गुंजारव घुमला. दादाजाननी डोळे मिटले आणि नुसती मान डोलावली. त्या क्षणी दोरा कुठल्या बोटात होता, हे तरन्नुमच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या सोमवारी पडद्याआडून बारकूने विचारलं, "कोठे स्पर्श झाला?"

तरन्नुमने तोंड उघडलं आणि परत मिटलं. "अनामिका... नाही, थांब. अंगठा? दोन्ही? शी! डॉक्टरबाई, मला खरंच कळत नाहीये हो! आधी निदान अनामिका तरी नक्की कळायची!"

"उत्तर अस्पष्ट," बारकू म्हणाला. "शून्य लिहू?"

"खबरदार!" डॉक्टरबाईंनी त्याच्यापुढून वही ओढून घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं पोरी, जुनं नाव खोडल्याशिवाय नवं लिहिणार कसं? तुझा मेंदू खोडतोय! तू गोंधळलीस, म्हणजे तो कामाला लागला. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगा येणार आहे, त्याचं अख्खं बोट असंच हलवायचंय. तोही घाबरेल. त्याला हे समजवायला तू येशील?"

"येईन," तरन्नुम म्हणाली. "पण खोटं बोलू नकोस, हे त्याला आधी सांगेन."

डॉक्टरबाईंनी खोडलेल्या ओळीच्या खाली तारीख घातली आणि एकच शब्द लिहिला: 'गोंधळ.' त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली. दादाजान वाकून बघू लागले, आणि बारकू बराच वेळ गणित करत राहिला.

"डॉक्टर," शेवटी त्याने विचारलं, "गोंधळाला दहापैकी किती गुण देतात?"

"आज?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज दहा."