थोरलीची बाजू कोणी मांडली?

विश्वास ठेवाच असं मी कोणाला म्हणणार नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मृणाल माझी मावसबहीण. माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. जे घडलं ते मागच्या वर्षी, वैशाखातल्या एका रविवारी, सौंसरला तिच्या राहत्या घरात घडलं.

रात्र नव्हती.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही.

मृणाल ही योगेशची दुसरी बायको. पहिली प्रणाली. ती डेंग्यूनं चार दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं.

आमच्याकडे दुसरेपणावर दिलेली बाई गळ्यात सवतीचा टाक घालते. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची. नवा दागिना, नवं भांडं, बहाराचं पहिलं संत्रं... सगळं आधी तिला दाखवायचं आणि म्हणायचं, "आधी तुझं, मग माझं."

मृणाल एम.ए. झालेली. तरी सासूबाईंच्या शब्दाखातर तिनं टाक घातला.

पण आतून जळायची.

घरातल्या प्रत्येक भांड्यावर 'सौ. प्रणाली' कोरलेलं. पोळ्यांचा डबा उघडला की प्रणाली. दुधाचं पातेलं घासलं की प्रणाली. योगेश झोपेत कुशीवर वळला तरी हिच्या मनात यायचं, ही सवय त्याला कोणी लावली?

मग शर्वी झाली.

सासूबाई, उर्मिलाबाई, दवाखान्यातच म्हणाल्या, "मृणाल, टाक पोरीच्या अंगाले लाव. म्हन, आधी तुझी, मग माझी. येका मिनिटाचं काम आहे."

मृणालनं टाक गळ्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"आई, घर तिचं पहिलं. नवरा तिचा पहिला. ही एकच माझी पहिली आहे. ही नाही देणार."

उर्मिलाबाईंनी टाक घरी नेला आणि मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिला.

आठ महिने काहीच झालं नाही.

*

त्या वेळी टीव्हीवर 'नीलगडच्या राण्या' लागायचं. जादू, राक्षस, सात दरवाज्यांचा किल्ला आणि राजाच्या दोन राण्या. पाच वर्षं चालू होतं. पांढुर्णा आणि सौंसरच्या काही जणांनी मोबाईलवर त्याचा ग्रुप केला होता, 'नीलगडवाले'. शुक्रवारी भाग पाहायचा आणि रविवारी दुपारी फोनवर एकत्र बसून त्याची चिरफाड करायची. लेखक कुठे चुकला, कोण मूर्खासारखं वागलं, कोणाचं बरोबर.

हा ग्रुप काढला होता प्रणालीनं.

मृणालला ते माहीत होतं. म्हणूनच ती त्यात गेली. प्रणालीपेक्षा चांगलं बोलायचं होतं तिला. निदान एक जागा तरी अशी जिंकायची होती, जिथं लोक म्हणतील, आता ही आली, ती विसरलो.

दीड वर्ष झालं होतं. कोणी तसं म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी घरचे सगळे छिंदवाड्याला लग्नाला गेले होते. शर्वीला उन्हानं बारीक ताप होता, म्हणून मृणाल मागे राहिली. समोरच्या दाराला आतून कडी. मागच्या दाराला आतून कडी. शर्वी साडीच्या झोळीत झोपलेली. कूलर घरघरत होता.

रेंज फक्त खिडकीजवळ येई. मृणाल झोळीकडे पाठ करून खिडकीत बसली. फोन स्पीकरवर लावला.

फोनवर दोघंच होते. पांढुर्ण्याची प्रियंका, जिचं कपड्याचं दुकान आहे. आणि रामाकोन्याचे विनोद सर, शाळेत शिकवतात ते.

शुक्रवारच्या भागात भलतंच झालं होतं. पहिल्या वर्षी मेलेली थोरली राणी बंद महालात बसलेली दाखवली. मांडीवर धाकट्या राणीचं लेकरू.

"लेखक झोपले होते बाप्पा!" प्रियंका म्हणाली. "सातही दरवाजे आतून बंद. दरवाज्या-दरवाज्यावर पहारा. मग थोरली आत आली कुठून? कूलरच्या जाळीतून?"

"चौथ्या दरवाज्याचं कुलूप दुसऱ्या वर्षीच तुटलेलं आहे," विनोद सर म्हणाले. "मी काल तो भाग परत पाहिला."

"सर, तुम्ही पोरांचे पेपर तपासता का सीरियलचे?"

"दोन्हीत नापास होणारेच जास्त आहेत, प्रियंकाबाई."

मृणालला हसू आलं नाही. तिला आपला मुद्दा मांडायचा होता. दोन दिवस तिनं तो मनात घोळवला होता.

"दरवाज्याचं सोडा सर. धाकटीनं लेकरू तिच्या हातात दिलंच काऊन? कोणती आई असं करते? तिथंच लेखक चुकला. आई असती तर जीव दिला असता, लेकरू नाही."

पलीकडे प्रियंका हसली.

"आमची प्रणाली पहिल्याच वर्षी सांगून गेली होती वं. थोरली बाहेर गेलीच नाही म्हने. मग दरवाजे बंद असले काय अन् उघडे असले काय!"

"हाव ना," विनोद सर म्हणाले. "तिचा तर्क पक्काच राहायचा."

मृणालच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मेलेल्या बाईच्या डोक्यानं अजून किती दिवस सीरियल पाहून राहणार तुम्ही लोक?"

बोलली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण थांबली नाही. धाकटी कशी बरोबर आहे, थोरलीला त्या लेकरावर कसा काही हक्क नाही, ते ती मोठमोठ्यानं सांगत राहिली. प्रियंका मधे बोलायला गेली की आवाज अजून चढवी. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही.

आणि लाईट गेली.

कूलर थांबला. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"मृणाल..." प्रियंकाचा आवाज. "झोका देऊन राहिली का तू?"

"नाही. काऊन?"

"आवाज येऊन राहिला. करर... करर..."

मृणालनं कान दिला. घरात काहीच आवाज नव्हता.

तिनं खांद्यावरून मागे पाहिलं. झोळी स्थिर. साडीच्या घड्या जशाच्या तशा.

"तुमच्याकडेच काही तरी असेल," ती म्हणाली आणि परत खिडकीकडे वळली.

फोनवर कोणीच बोललं नाही. ते दोघं काही तरी ऐकत असावेत, असं तिला वाटलं. अर्धा मिनिट... एक मिनिट...

मग विनोद सर म्हणाले, "वा! वा, मृणालताई! हे मान्य. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं."

"काय मान्य, सर?"

"आता म्हटलं ना तुम्ही."

"मी काय म्हटलं?"

"हेच, की धाकटीनं लेकरू दिलंच नाही, अन् थोरलीनं मागितलंही नाही. लेकरू रडून राहिलं होतं. धाकटी भांडण्यात गुंतली होती. म्हणून थोरलीनं उचललं. वा! पाच वर्षांत इतकं साधं कोणी बोललं नाही."

दीड वर्षात पहिल्यांदा त्या ग्रुपनं मृणालला वा म्हटलं होतं.

आणि ती बोललीच नव्हती.

"सर..." प्रियंका अगदी हळू म्हणाली. "तो मृणालचा आवाज नव्हता."

मृणाल उठली. झोळीजवळ गेली. दोन्ही हातांनी साडी फाकवली.

झोळी रिकामी होती.

*

आठ महिन्यांचं लेकरू. खोल झोळी. अजून धड रांगता येत नव्हतं तिला.

मृणाल पलंगाखाली वाकली. दिवाणामागे पाहिलं. समोरची कडी पाहिली. लागलेली. मागची कडी. लागलेली.

मग मागच्या खोलीतून शर्वीचं हसू आलं.

शर्वी कपाटासमोर चटईवर पालथी पडली होती. छातीखाली दुपट्याची घडी. मान वर करून कपाटाच्या बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती, आणि खुदुखुदु हसत होती.

गालावर आसवांच्या वाळलेल्या रेघा होत्या. म्हणजे ती रडली होती. चांगली बराच वेळ रडली होती.

मृणालनं ते रडणं ऐकलंच नव्हतं.

तिनं लेकीला उचललं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं.

लंगोट कोरडा होता. पिवळ्या फुलांचा. झोपवताना तिनं निळा बांधला होता.

निळा लंगोट चटईच्या कोपऱ्यात होता. ओला. व्यवस्थित घडी केलेला.

"गाठ पाहिली मी," मृणाल मला म्हणाली होती. "माझी नेहमी ढिली राहते, सरकते. ती गाठ... माझ्यापेक्षा चांगली बसली होती, ताई."

*

संध्याकाळी उर्मिलाबाई परत आल्या. सगळं ऐकलं. घाबरल्या नाहीत. पायावर पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "अजून वेळ गेली नाही. टाकाले दाखव पोरगी. तिले येवढंच पाहिजे."

"तिला पाहिजे म्हणून मी द्यायचं?"

"मृणाल, सवत मेली की तिच्यासंगं भांडाले माणूस उरत नाही. आपलंच डोकं फुटते."

मृणालनं पिशवी भरली. योगेश समजावत राहिला. तिनं ऐकलं नाही. शेवटच्या बसनं ती लेकीला घेऊन पांढुर्ण्याला माहेरी आली.

तिथं शर्वीला काहीही झालं नाही. ताप उतरला. दूध प्यायची, झोपायची. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे.

फक्त हसायची नाही.

मृणालनं उचललं की खांद्यावरून मागे बघायची. दोन्ही हात मागे लांबवायची. मागे कोणी नसायचं. मी स्वतः पाहिलं आहे. मी मुद्दाम त्या बाजूला जाऊन उभी राहिले, हात पुढे केले. तिची नजर माझ्यावरून सरकून पलीकडे गेली.

नऊ दिवस हे असंच चाललं. दहाव्या दिवशी मृणाल सौंसरला परत गेली. उंबरठा ओलांडला आणि शर्वी खळखळून हसली.

त्याच दिवशी उर्मिलाबाईंनी पाट मांडला. टाकाला हळदकुंकू वाहिलं. मृणालच्या मांडीवर शर्वी, शर्वीच्या छातीवर टाक.

"म्हन आता."

मृणालनं तोंड उघडलं. ठरवून बसली होती, म्हणायचंच. पण ओठांवर आलं ते वेगळंच.

"आधी माझी," ती म्हणाली. "मग तुझी."

उर्मिलाबाईंनी डोळे मिटले.

दिवा विझला नाही. भांडं पडलं नाही. पान हललं नाही. शर्वी टाकाशी खेळत राहिली. पलीकडून राग नाही, होकार नाही... काहीच नाही.

मृणाल म्हणते, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

'नीलगडवाले' ग्रुप अजून आहे. पण रविवारचा फोन बंद झाला. प्रियंका आता फक्त लिहून भांडते.

*

मागच्या महिन्यात मी माझ्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन मृणालकडे गेले होते. भर दुपारीच.

शर्वी आता दुडुदुडु पळते. आमच्या समोरच पाय अडकून पडली. गुडघा सोलला. भोकाड पसरलं. मृणाल हातातली चाळणी टाकून उठली, हात पसरले...

शर्वी तिच्या बाजूनं निघून गेली. सरळ मागच्या खोलीत.

आणि रडणं थांबलं. नळ बंद करावा तसं.

मृणाल दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. आत गेली नाही.

माझा मुलगा माझ्या मांडीवरून उतरला आणि शर्वीच्या मागे गेला. मी उठले. मृणालनं माझं मनगट धरलं.

"नको जाऊस, ताई. बोलावलं तर येत नाहीत. त्यांचं झालं की येतात आपल्या मनानं."

आत दोघं हसत होते. मधेच थांबायचे, कोणी काही सांगत असल्यासारखे... आणि परत हसायचे.

"तुला भीती नाही वाटत, मृणाल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दारातून आतच बघत होती.

"भीतीचे दिवस गेले. वाईट तर ती काहीच करत नाही. पोरीला ओरखडा नाही कधी. पण मला अर्धा तास लागतो तिला चूप कराले. तिथं येक मिनिट लागत नाही. जळते मी, ताई. अजून जळते."

मुलं आपणहून बाहेर आली. मी लगेच निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये माझा मुलगा खिडकीशी उभा होता. पांढुर्णा यायला पंधरा-वीस मिनिटं असतील. बसनं गचका खाल्ला, त्याचं कपाळ दांड्यावर आपटलं. टेंगूळ आलं. मी त्याला ओढून छातीशी घेतलं, फुंकर घातली, पाठ थोपटली. तो याच छातीशी लहानाचा मोठा झालाय.

त्यानं माझा हात बाजूला केला.

सीटवर चढला, बसच्या मागच्या काचेकडे तोंड केलं... आणि दोन्ही हात पुढे केले.