नियम पाळणारे : एक

भर दुपारी तीन वाजता राजेंद्र नगरच्या सिग्नलवर जो थांबतो, तो एकतर शहरात नवखा असतो, नाहीतर डोक्याने हलका. त्या दिवशी एक जण थांबला.

मी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसले होते. मांडीवर रजिस्टर. एम.ए.च्या प्रबंधासाठी मोजत होते – पोलीस नसताना लाल दिवा किती जण तोडतात. तोडणाऱ्यांचा रकाना रेघांनी भरला होता, पाळणाऱ्यांचा कोरा. आणि हा आला... निळा शर्ट, सांगली पासिंगची मोटरसायकल. मागून हॉर्नचा नुसता कल्ला!

"अरे भिया, कोई नहीं है, निकल ना!"

पठ्ठ्या ढिम्म.

आमच्या शारदा मॅडम शिकवतात, विचलन माणसाच्या कृतीत नसतं, भोवतालच्यांच्या नजरेत असतं. सगळे नियम तोडतात तिथे पाळणाराच विचित्र ठरतो. म्हणजे माझा अख्खा प्रबंध मोटरसायकलवर बसून माझ्याकडे बघत होता! मी घाईने मान खाली घातली आणि एक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांबला. तिसऱ्याही. ज्याचं निरीक्षण करायचं त्याच्याशी बोलायचं नाही, हा मॅडमचा कडक नियम. पण तो त्याला कुठे ठाऊक होता?

"काय लिहिता एवढं?"

मी रजिस्टर हाताने झाकलं.

"माझं नाव ऋग्वेद. लिहायचं असेल तर."

मी मान वर केली नाही... पण हसू फुटलंच मेलं.

सहाव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. "तुम्ही सच्ची में रोज रुकता कशाला हो? इथे तर कोणीच रुकत नाही."

"नव्वद सेकंद मिळतात म्हणून," तो म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला.

मग रोज नव्वद सेकंद. पीथमपूरच्या कारखान्यातली त्याची सकाळपाळी, होळकरांच्या दफ्तरात कारकुनी केलेले माझे खापरपणजोबा, सगळं तेवढ्यात बसवायचं.

"तुमची मराठी ऐकली की जिलबी खाल्ल्यासारखं वाटतं."

"अन् तुमची ऐकली की मला व्याकरणाचा पेपर आठवतो!"

एकदा मी कौतुकाने सांगितलं, की 'नियम पाळणारा' हे अख्खं प्रकरण मी त्याच्यावर लिहितेय. त्याचा चेहरा पडला.

"स्वानंदी... पहिल्या दिवशी माझी गाडी बंद पडली होती. आणि त्यानंतर मी सिग्नलसाठी थांबत नव्हतो."

मला लाजावं की रडावं कळेना. रजिस्टर उचलून मी तडक मॅडमना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"बोललीस ते सगळे दिवस बाद," मॅडम म्हणाल्या. "आता अकरा दिवस नीट मोज. त्याला भेटायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी."

मी त्याला तसं सांगितलं.

"अकरा दिवस दुसऱ्या रस्त्याने जाईन. फक्त... दहाव्या दिवशी माझी बदली आहे. परत सांगलीला."

नंबर त्याने मागितला नाही, मी दिला नाही.

किती आठवण यावी माणसाची! निळा शर्ट दिसला की मी स्टुलावरून अर्धी उठायची, बघावं तर भलताच कुणी. लाल दिवा लागला की मी उगीच सरळ होऊन बसायची. नव्वद सेकंद एवढे लांब असतात हे मला तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी पाळणाऱ्यांच्या रकान्यात शून्य लिहायचं आणि घरी जायचं.

दहाव्या दिवशी तो आला. पाठीवर मोठी बॅग. समोर लाल दिवा. एकदाच त्याची मान माझ्याकडे वळली... आणि माझी मोजणी बिघडू नये म्हणून तो सगळ्यांसारखाच सिग्नल तोडून निघाला.

त्याच्या नावाची रेघ तोडणाऱ्यांत ओढायला माझा हात उठेना. मी रजिस्टर टाकून रस्त्यात धावले.

"ऋग्वेद! रुका ना... थांबा!"

सारा चौक बघू लागला. त्याने भर चौकात ब्रेक मारला. तेवढ्यात एक स्कूटर थबकली. आमच्या गल्लीतले नाना – कुठल्या मुलीने कुणाकडे पाहिलं हे तिच्या आईच्या आधी ज्यांना कळतं, ते.

"क्या हुआ बेटा? हा त्रास देतोय का?"

"नाही नाना. मला हे आवडतात. आज चाललेत, आणि मी अजून सांगितलंच नव्हतं."

नानांनी स्कूटर कॉलनीकडे वळवता वळवताच फोन कानाला लावला.

ऋग्वेद माझ्याकडे बघतच राहिला. "आणि प्रबंध?"

"पुढच्या वर्षी."

"घरी काय सांगाल?"

"ते नाना सांगतील. तुम्ही आधी नंबर द्या."

"नऊ आठ..." तो हसत सुरू झाला, आणि माझा फोन वाजला. आई. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा फोन कापला.

"हं... नऊ आठ. पुढे?"