भिंतीतली वायर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या माहेरी घडली आहे. यातली माणसं आजही कडावमध्ये राहतात, म्हणून गावात मी ती कुणाला सांगत नाही. इथं सांगते.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी दुपारची आहे. गेल्या वर्षी भातकापणी चालू होती. रविवार होता. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं आणि खळ्यावर माणसं काम करत होती.

पण आधी आईबद्दल सांगायला हवं.

माझ्या आईला, बायजाला, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजायचं तिला सगळं. फक्त बोलता यायचं नाही. म्हणून तिच्या डाव्या हाताशी एक स्टीलची वाटी ठेवलेली असायची. काही लागलं की ती वाटी भिंतीवर वाजवायची.

टक टक. मग थांबायची. टक टक.

म्हणजे पाणी हवंय, नाहीतर कूस बदलायचीय. जास्त त्रास व्हायला लागला की न थांबता वाजवत राहायची. भिंतीपलीकडे हॉल होता. तिथं बसलेल्या माणसाला ते ऐकू जायचं आणि कुणीतरी उठून आत यायचं.

मी सासरी, खालापूरला. आईला माझ्याकडे न्यायला मी गाडी घेऊन गेले होते. माझ्या भावाने, प्रवीणदादाने, नाही म्हटलं. मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या घरी पडून राहिली तर गावात तोंड कसं दाखवू, असं म्हणाला. गावाचं तोंड महत्त्वाचं होतं. मी रिकामी गाडी घेऊन परत आले.

त्यानंतर दादाने होम थिएटर घेतलं.

घर नवीनच बांधलं होतं. हॉलला मोठी काच, एका भिंतीला खरखरीत डिझाइनचा महागडा रंग. टीव्ही पुढे आणि दोन स्पीकर मागे, सोफ्याच्या डोक्यावर. त्या मागच्या स्पीकरपर्यंत वायर न्यायची कशी, यावरून घरात वाद झाला.

सुरभीवहिनीचं म्हणणं होतं, वायर बाहेरूनच न्या. वर पांढरी पट्टी मारली की झालं. दिसली तर दिसली.

दादाला ते चालणार नव्हतं. एवढं घर बांधलं आणि भिंतीवर वायरी लोंबकळताना बघायच्या का? वायर भिंतीच्या आतूनच जाणार. पण हॉलच्या बाजूला तो रंग होता, त्याला कटर लावायचा नव्हता.

मग त्याने ठरवलं, वायरीसाठी भिंतीत खाच, म्हणजे झिरी, पलीकडून मारायची.

पलीकडे आईची खोली होती.

वहिनी म्हणाली, धुळीने सासूबाईंना खोकला लागेल. दादा म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. कर्जतहून सदू नावाचा वायरमन आला. त्या दिवसापुरतं आईला उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवलं. सदूने तिच्या भिंतीला कटरने आडवी झिरी पाडली, आत वायर घातली, वरून सिमेंट भरलं. संध्याकाळी तिची खाट परत त्याच भिंतीला लावली. सिमेंट अजून ओलं होतं.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा हॉलमध्ये मारामारीचा पिक्चर चालू होता. आईच्या खोलीत भिंत थरथरत होती. आई डाव्या हाताचा पंजा त्या सिमेंटच्या पट्ट्यावर ठेवून पडली होती. माझ्याकडे बघितलं आणि वाटी उचलून वाजवली.

टक टक.

मी तिच्याशेजारी बसले होते तरी मला ते नीट ऐकू आलं नाही.

मी हॉलमध्ये जाऊन दादाला सांगितलं, आवाज बारीक ठेवत जा, आईची वाटी ऐकू येत नाही. तो म्हणाला, "येते ऐकू. तू काळजी करू नको."

मे महिन्यात आई गेली. रविवारी दुपारी.

वहिनी लेकीला, आरोहीला, घेऊन पोशीरला माहेरी गेली होती. घरी दादा आणि त्याचे मित्र होते, मॅच लागली होती. दादाने सगळ्यांना सांगितलं की आई झोपेतच गेली. शांतपणे गेली. लोक म्हणाले, नशीबवान बाई.

आंघोळ मी घातली तिला.

तिच्या डाव्या हाताची बोटं मी पाण्याखाली धरली, आणि...

सगळ्या पेरांची कातडी सोलली होती.

वाटी खाटेखाली भिंतीला लागून पडली होती. तिचा काठ एका बाजूने चेपला होता. म्हणजे वाटी हातातून पडल्यावर ती हातानेच वाजवत राहिली होती.

मी दादाकडे बघितलं. तो तिरडी बांधणाऱ्यांना दोरी देत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तेरावं झालं. पाऊस आला, लावणी झाली. दादाने तोवर तो सेट बंदच ठेवला होता. मला वाटलं, निदान एवढी तरी लाज आहे.

मग कापणीच्या दिवसांत वहिनीचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाली, "ताई, तुमी याल का? मला कुणाला तरी दाखवायचंय. मला एकटीलाच येतंय का ऐकू, तेच कळत नाय."

मी रविवारी गेले. जेवणं झाली. आरोही शेजारी खेळायला गेली होती. वहिनीने मला सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीबरोबर तो सेटही लावला. एक जुना पिक्चर चालू होता. नायिका रडत होती, मागे बारीक संगीत होतं.

काहीच नव्हतं.

मी वहिनीला म्हणणार होते की तुम्हाला भास झाला असेल.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून...

टक टक.

मग शांतता. पिक्चरमधली बाई बोलत होती.

टक टक.

वहिनीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दादाने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

टक टक.

तो उठला, बोर्डाकडे गेला आणि पिन उपसून हातात घेतली. सेटवरचे दिवे विझले. आता त्या घरात त्या स्पीकरला कुठूनच वीज मिळत नव्हती. आम्ही तिघं उभे होतो. बाहेर खळ्यावर कुणीतरी हसलं.

आणि स्पीकरमधून...

टक टक. टक टक.

मी आईच्या खोलीत धावले. खाट काढून टाकली होती. खोलीत धान्याची रिकामी पोती होती. कुणी नव्हतं.

दादा म्हणाला, वायरमध्ये काहीतरी लूज असेल. पिन हातात धरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सदू आला. दादाने त्याला एवढंच सांगितलं की आतली वायर खराब झाली आहे, नवीन बाहेरून टाक. त्याने त्या महागड्या रंगावर स्क्रू मारले, पांढरी पट्टी बसवली, पट्टीतून नवीन वायर नेली. आतली वायर दोन्हीकडून कापून तशीच भिंतीत सोडली. वहिनीने पहिल्यापासून जे सांगितलं होतं, तेच शेवटी झालं.

काही दिवस खरंच शांत गेले. वहिनी फोनवर मोकळं बोलायला लागली. मीही म्हटलं, असेल बाबा काहीतरी विजेचं.

मग एका दुपारी तिचा परत फोन. या वेळी ती रडत होती.

"आता स्पीकरमधून नाय येत, ताई. भिंतीतून येतंय."

मी पोचले तेव्हा दादा आईच्या खोलीत हातोडा आणि छिन्नी घेऊन उभा होता. सदूलाही बोलावलं होतं. तो दारात होता, आत यायला तयार नव्हता. खिडकीतून ऊन आत येत होतं.

दादा भिंतीला हातोडा लावणार, तोच...

टक टक.

त्याच्या अगदी समोर. खाटेला उशी असायची त्या जागी.

दादाने मारायला सुरुवात केली. वेड्यासारखा मारत होता. सिमेंटचे टवके उडत होते. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. वायर दिसायला लागली, तशी तो ती ओढत गेला आणि सिमेंट फोडत गेला. आणि त्या जागेवर आल्यावर छिन्नी एकदम आत गेली.

तिथं पोकळी होती.

सदू तेव्हा आत आला. वाकून बघितलं. म्हणाला, "मी ठासून भरलेलं हाय. सगळीकडं सारखं. इथं पोकळ ऱ्हाणारच नाय."

पोकळी फार मोठी नव्हती. मूठ मावेल एवढी. मी जवळ जाऊन बघितली. आतलं सिमेंट खडबडीत नव्हतं, गुळगुळीत होतं. स्वयंपाकघरातला ओटा रोज हाताने पुसून पुसून गुळगुळीत होतो ना, तसं. आणि तेवढ्याच जागी वायरवरचं रबर झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं.

सदू म्हणाला, उंदीर असेल. मग स्वतःच म्हणाला, बंद भिंतीत उंदीर येणार कुठून. त्याने हत्यारं गोळा केली आणि चहाला न थांबता निघून गेला.

दादा खाली बसला. त्याच्या केसांत, भुवयांवर सिमेंटची धूळ होती. एकदम म्हातारा दिसत होता. त्या भोकाकडे बघत होता.

मग म्हणाला, "त्या दिवशी पन असंच वाजत होतं."

वहिनीने पदर खाली केला.

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"मॅच चालू होती. मधी जाहिरात लागली की ऐकू यायचं. थांबतच नव्हतं."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मग मी आवाज वाढवला."

मला वाटलं होतं मी ओरडेन, त्याच्या अंगावर धावून जाईन. तसं काही झालं नाही. मी त्याच्या केसांतल्या धुळीकडे बघत राहिले. लहानपणी खेळून आला की असाच धुळीने भरलेला असायचा आणि आई त्याला पदराने पुसायची, मला नाही. हे मला तेव्हाच का आठवलं, माहीत नाही.

वहिनी आत गेली आणि बॅग भरायला लागली. आरोहीला घेऊन ती त्या दिवशी पोशीरला गेली. नंतर परत आली. संसार असा सुटत नाही. पण तेव्हापासून ती त्या हॉलमध्ये बसत नाही. दादा एकटाच बसतो.

भिंत बुजवली. सेट विकून टाकला. पांढरी पट्टी काढली तर रंगावर स्क्रूची भोकं राहिली, ती तशीच आहेत. आवाज थांबला. वहिनीही म्हणते, थांबला.

मी दादाशी बोलणं सोडलं होतं.

आता इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बाई भावावर चिडलेली आहे, म्हणून सांगते आहे. बरोबर आहे. चिडलेलीच आहे. इथंच संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीही नसती.

या वर्षी होळीच्या आधी दादाचा फोन आला. दुपारची वेळ. राजेश, म्हणजे माझा नवरा, कामावर गेला होता. मी घरात एकटी होते. फोन घ्यायचा नव्हता, पण घेतला.

तो सणाला ये म्हणत होता. आरोही विचारते म्हणाला. आता घरात काही नाही, सगळं शांत आहे, असं दोनदा म्हणाला. मी हं, हं करत होते.

आणि त्याच्या बोलण्याच्या मागे, फोनमध्ये...

टक टक.

बारीक, पण स्पष्ट.

टक टक.

त्याला ते ऐकू येत नव्हतं. तो बोलतच होता. मी त्याला सांगितलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, अजून आहे ती तिथं. राहू दे. त्याच्याच घरी राहू दे, जन्मभर.

तेवढ्यात दादा बोलता बोलता थांबला.

"वने," तो म्हणाला, "तुझ्याकडं कोन आलंय का गं?"

"नाही. का?"

"मगासपासून तुझ्याकडनं कायतरी वाजतंय."

मी फोन कानापासून खाली घेतला.

माझ्या घरात पंखासुद्धा बंद होता. रस्त्यावरून एक टेंपो गेला. त्याचा आवाज लांब गेला, विरला. मी ज्या भिंतीला टेकून बसले होते, तिच्यापासून हळूच पुढे सरकले.

काही ऐकू आलं नाही.

फोनमध्ये दादा हॅलो, हॅलो करत होता. मी फोन बंद केला.

त्यानंतर आजपर्यंत माझ्या घरात काही झालेलं नाही. तरी मी मिक्सर लावला की मध्येच बंद करते. कान देऊन उभी राहते. मग परत चालू करते. परत बंद करते.

राजेश विचारतो, काय झालं?

मी म्हणते, काही नाही. चटणी झाली का बघतेय.